वाचक विचारतात : "रिस्क किती टक्के, डॉक्टर?"

गेल्या अंकात धमन्यांच्या शस्त्रक्रियांवर लेख आला आणि पत्रांची रीघ लागली. आजार वेगवेगळे, पण बहुतेक पत्रांतला प्रश्न एकच : डॉक्टरांनी सांगितलेल्या टक्क्यांचं आम्ही करायचं काय? त्यातली आठ पत्रं इथं घेतली आहेत. उत्तरं एका रक्तवाहिनी शल्यविशारदानं आणि एका भूलतज्ज्ञानं मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गाव ठेवलं आहे.

डिचोली : वडील 71 वर्षांचे. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली तेव्हा पोटातली मुख्य धमनी 5.2 सेंटिमीटर फुगल्याचं कळलं. दुखत-खुपत काही नाही. एक डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मुंबईचे मामा म्हणतात, पोटात बॉम्ब घेऊन कशाला फिरता, करून टाका. एके ठिकाणी रिस्क दोन टक्के सांगितली, दुसरीकडे पाच. खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील. टक्का ऐकला की लगेच विचारायचं : हा टक्का कशाचा, किती दिवसांतला, आणि ऑपरेशन केलंच नाही तर तेवढ्याच मुदतीत काय होईल? तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न लावून पाहू.

महाधमनीचा हा फुगा दोन तऱ्हांनी दुरुस्त होतो. एक, पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवायची. दुसरी, जांघेतून तारेवरून स्टेंट-ग्राफ्ट आत नेऊन फुग्याला आतून अस्तर लावायचं. हिला ईव्हीएआर म्हणतात. ब्रिटनमधल्या ईव्हीएआर-1 या मोठ्या चाचणीत पहिल्या 30 दिवसांतले मृत्यू स्टेंट-ग्राफ्टनंतर 1.8 टक्के होते आणि पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर 4.3 टक्के. तुम्हाला मिळालेले "दोन" आणि "पाच" बहुधा याच दोन तऱ्हांचे आहेत. म्हणजे टक्का पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचा झाला. पुढच्या वर्षांचं चित्र निराळं आहे. त्याच चाचणीत स्टेंट-ग्राफ्टची ही आघाडी काही वर्षांत संपली आणि आठेक वर्षांनंतर तर पोट उघडून दुरुस्ती झालेले रुग्ण अधिक टिकलेले दिसले. अस्तर कडेनं गळू लागलं, की फुगा पुन्हा भरतो आणि उशिरानं फुटू शकतो. म्हणून स्टेंट-ग्राफ्ट घेतलेल्या माणसाला जन्मभर तपासणी चुकत नाही : पहिल्या महिन्यात सीटी, मग दरवर्षी सोनोग्राफी किंवा सीटी. डिचोलीहून वर्षातून एकदा तेवढ्यासाठी जाणं जमेल का, याचा विचार ऑपरेशनआधी करायचा.

आता ऑपरेशन न करण्याचा धोका. पुरुषांत 5.5 सेंटिमीटरखालचा फुगा वर्षाला शंभरात साधारण एकाचाच फुटतो. 1998 मधल्या ब्रिटिश आणि 2002 मधल्या अमेरिकन चाचणीत 4 ते 5.5 सेंटिमीटरचे फुगे असलेल्यांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन लगेच केलं, उरलेल्यांना नजरेखाली ठेवलं. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले नाहीत. 5.5 ही रेघ इथून आली. बायकांत फुगा लहान असतानाही फुटतो, म्हणून त्यांच्यासाठी 5 सेंटिमीटरला विचार सुरू होतो. वर्षात एक सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली किंवा दुखायला लागलं, तर आकड्याची वाट पाहायची नसते.

तेव्हा तीन महिने थांबा म्हणणारे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीत. 4.5 ते 5.4 या टप्प्यात तीन महिन्यांनी मोजणं हीच रीत आहे. फक्त मोजमाप दर वेळी एकाच पद्धतीनं झालं पाहिजे. सोनोग्राफीत धमनीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलं की आकडा लहान येतो, बाहेरून बाहेर मोजलं की मोठा. तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि "तीन महिन्यांत वाढला" असं वाटून घरात रडारड होते. शक्यतो त्याच केंद्रात, जुना रिपोर्ट सोबत नेऊन करा, आणि मोजमाप कसं घेतलं ते रिपोर्टवर लिहून मागा.

या तीन महिन्यांत करण्यासारखं बरंच आहे. विडी-सिगारेट पूर्ण बंद. फुगा वाढवणारी आणि फोडणारी ती सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. रक्तदाबाची गोळी नियमित, कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन सुरू. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे म्हणून एक मुद्दाम सांगतो : लघवीच्या जंतुसंसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक सर्रास लिहिली जातात. फुगा असलेल्यांना दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं 2018 मध्ये दिला आहे. लघवीचा इलाज करणाऱ्या डॉक्टरांना फुग्याबद्दल आठवणीनं सांगा. वडिलांच्या भावंडांचीही एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, हा आजार घराण्यात फिरतो.

आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाठ करावं : अचानक पोटात, पाठीत किंवा कुशीत जोराची कळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. हे मुतखड्यासारखंच दिसतं आणि मुतखडा समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवलेले रुग्ण वाटेत जातात. 108 ला फोन करताना पहिलं वाक्य "पोटात महाधमनीचा फुगा आहे" हेच असलं पाहिजे. रिपोर्टची झेरॉक्स वडिलांच्या पाकिटात ठेवा. रात्री-बेरात्री सीटी आणि ऑपरेशन दोन्ही कुठं होतं, हे आजच विचारून ठेवा. फुटलेल्या फुग्यात जवळच्या छोट्या इस्पितळात आधी थांबणं म्हणजे हातातला वेळ घालवणं.

मडगाव : आई 66 वर्षांची, इन्सुलिनवर. चार वर्षांमागे हार्ट अटॅक. क्रिएटिनिन 1.8. रात्री पाय इतका दुखतो की खाटेवरून खाली सोडून बसते. जांघेपासून गुडघ्याखाली बायपास करायचं ठरलंय. फिटनेसच्या कागदावर "आरसीआरआय 3, हाय रिस्क" लिहिलंय. भाऊ म्हणतो, हाय रिस्क आहे तर नकोच.

आधी बेरीज तपासू. आरसीआरआय म्हणजे 1999 मध्ये तयार झालेली सहा मुद्द्यांची मोजणी. छाती, पोट किंवा जांघेच्या वरच्या धमन्यांचं मोठं ऑपरेशन, हृदयाच्या धमन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वी पक्षाघात किंवा तात्पुरता झटका, इन्सुलिनवरचा मधुमेह, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 2 च्या वर. प्रत्येकाला एक गुण. आईला हार्ट अटॅकचा एक, इन्सुलिनचा एक. क्रिएटिनिन 1.8, म्हणून शून्य. बायपास जांघेच्या खाली, म्हणून तोही शून्य. तुम्ही लिहिलेल्या माहितीवर गुण 2 होतात. तिसरा कशाचा धरला ते विचारा. कदाचित फाइलमध्ये हार्ट फेल्युअरची नोंद असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल. तसं असेल तर ते कळणं गुणांपेक्षा महत्त्वाचं.

2 गुणांना मूळ अभ्यासात हृदयाच्या मोठ्या गुंतागुंतीचा धोका सातेक टक्के निघाला होता. नंतर ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी, रक्ततपासणी सर्रास होऊ लागल्यावरच्या अभ्यासांत तो दहाच्या घरात गेला. शिवाय ही मोजणी सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांवरून बेतलेली आहे. धमन्यांच्या रुग्णांत ती धोका कमीच दाखवते, कारण ज्याच्या पायाच्या धमन्या तुंबल्या त्याच्या हृदयाच्याही बहुधा तशाच असतात. आणि ती मोजते फक्त हृदय. पाय राहील का, किडनी टिकेल का, जखम भरेल का, यातलं ती काही सांगत नाही.

आता भावाच्या म्हणण्याकडे. आईला रात्री पाय खाली सोडावा लागतो याचा अर्थ आडवं झाल्यावर पावलापर्यंत रक्त पोचत नाही. चालताना पोटरी दुखणाऱ्यांचं ऑपरेशन खुशाल पुढं ढकलता येतं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा पाय पाच वर्षांनीही जागेवर असतो. आईची अवस्था ती नाही. 2007 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत या अवस्थेतल्या रुग्णांचा वर्षभराचा हिशेब दिला आहे : चौथा हिस्सा दगावलेले आणि सुमारे 30 टक्के पाय गमावलेले. "नकोच" म्हणताना या आकड्यांना होकार दिला जातो. शिवाय पाय कापणं हेही ऑपरेशनच, भूल द्यावीच लागते, आणि हृदय तेच असतं.

धोका कमी कसा करायचा, हा खरा प्रश्न. पुष्कळ जण विचारतात, आधी हृदयाची अँजिओग्राफी करून स्टेंट का टाकत नाहीत? छातीत दुखत नसेल, आजार स्थिर असेल, तर त्यानं फायदा होत नाही. 2004 मध्ये धमन्यांच्या रुग्णांवरच झालेल्या कार्प चाचणीनं ते दाखवलं आहे. उलट पायाचं ऑपरेशन लांबतं आणि नवा स्टेंट असला की रक्त पातळ करणारी औषधं थांबवता येत नाहीत. हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी आधीपासून चालू असेल तर ऑपरेशनच्या दिवशीही द्यायची. नसेल तर त्या दिवशी नव्यानं सुरू करायची नाही. 2008 च्या पॉइझ चाचणीत तसं केल्यावर हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन चालू ठेवायचं. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा, पाठीत भूल द्यायची झाल्यास ते पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागतं.

"दोन जिने चढता येतात का?" हा भूलतज्ज्ञांचा आवडता प्रश्न इथं फसतो. आई जिना चढतच नाही, कारण पाय आधी थांबवतो. हृदयावर जोर पडायची वेळच येत नाही, म्हणून छातीतही दुखत नाही. "छातीत दुखत नाही" या उत्तरावर विसंबून चालणार नाही. केर काढताना, अंथरूण घालताना, बादली उचलताना दम लागतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, हे घरच्यांनी सांगायला हवं. आईला विचारलं तर ती "मला काही नाही रे" म्हणेल.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस जपायचे. या दिवसांतला हार्ट अटॅक बहुतेकदा मुका असतो : भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल असतो, छातीत कळ येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन तपासणार का, हे विचारा. साधी रक्ततपासणी आहे.

किडनीकडेही लक्ष हवं. 66 वर्षांच्या बाईत क्रिएटिनिन 1.8 म्हणजे गाळण्याची क्षमता 31 च्या आसपास, कागदावर 1.8 किरकोळ दिसतं, तितकं ते नाही. अँजिओग्राफीचं रंगद्रव्य कमीत कमी वापरायला सांगा, आधी सलाइनचं विचारा, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घरातून बाहेर काढा, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर कधी बंद, कधी पुन्हा सुरू, हे लेखी घ्या.

शेवटी जांघेची जखम. या ऑपरेशनात सगळ्यांत जास्त सतावते ती हीच : घडीत येते, घाम धरते, साखर चढलेली असते. रोज आंघोळीनंतर कोरडी करून घडीत कोरडं गॉझ ठेवायचं. स्राव येऊ लागला तर दुसऱ्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. आणि नवी रक्तवाहिनी पहिल्या वर्षात आतून आवळू शकते, म्हणून साधारण एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. बंद पडण्याआधी आवळण सापडली तर अँजिओप्लास्टीनं मोकळी होते. बंद पडल्यावर पुन्हा उघडणं फार कठीण.

वाळपई : वडिलांच्या पायाच्या अंगठ्याचं टोक काळं पडलंय, बाजूला लाली. मधुमेह 18 वर्षं. एबीआय 1.47 आला आणि "रक्तपुरवठा उत्तम" असं सांगितलं. मग जखम का भरत नाही?

कारण तो आकडा फसवा आहे. एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. रुग्णाला दहा मिनिटं आडवं ठेवून, दोन्ही दंडांतला मोठा आकडा आणि त्या पायाच्या घोट्यातला मोठा आकडा घेऊन. 0.9 किंवा कमी म्हणजे धमनी तुंबलेली. पण 1.4 च्या वर गेला तर तो उत्तम नसतो, निकामी असतो. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो, नळी जणू पीव्हीसीच्या पाइपासारखी ताठ होते आणि पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही. दंडात 150 आणि घोट्यात 220 आले, भागाकार 1.47 झाला. ते 220 भिंतीच्या ताठपणाचे आहेत.

बोटांच्या बारीक धमन्यांत हा चुना कमी असतो. म्हणून अंगठ्याचा दाब घ्यायचा. अंगठ्याला जखम असेल तर शेजारच्या बोटाचा. 60 च्या वर ठीक, 30 च्या खाली गंभीर. ही तपासणी गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा धमन्यांचं काम चालतं अशा मोठ्या इस्पितळात मागून घ्या.

मग तीन गोष्टी एकत्र तोलतात : जखम, रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग. प्रत्येकी शून्य ते तीन. विफाय नावाची ही पद्धत 2014 पासून वापरात आहे. गँगरीन बोटापुरतं म्हणजे जखम 2. अंगठ्याचा दाब 30 खाली निघाला तर रक्तपुरवठा 3. एवढ्यावरच पाय जाण्याच्या धोक्याचा वरचा, चौथा टप्पा लागतो, लाली कमी असो की जास्त.

इथं क्रम चुकला की पाय जातो. पू असेल तर तो आधी, त्याच दिवशी काढायचा. मग रक्तपुरवठा मोकळा करायचा. काळं बोट त्यानंतर. आमच्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या पायांत पुष्कळदा बोट आधी कापलेलं असतं, रक्त न पोचल्यानं ती जखमही काळी पडते, मग पुढचं बोट, मग अर्धं पाऊल. "बोट काढायचं आहे, सही करा" म्हटलं की सहीआधी विचारा : "अंगठ्याचा दाब किती आहे?"

बायपास की अँजिओप्लास्टी, यावर दोन ताज्या चाचण्यांनी दोन उत्तरं दिली आहेत आणि दोन्ही कामाची आहेत. 2022 च्या बेस्ट-सीएलआयमध्ये ज्यांच्या पायात बायपासला वापरता येईल अशी एकसंध, चांगली लांब शीर मिळाली त्यांच्यात बायपास सरस ठरला : पाय मोठ्या प्रमाणात कापणं, पुन्हा मोठी दुरुस्ती किंवा मृत्यू, यांतलं काही झालेले बायपासमध्ये 42.6 टक्के, अँजिओप्लास्टीत 57.4. 2023 च्या बेसिल-2 मध्ये, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी, उलट अँजिओप्लास्टीवाले बरे निघाले. म्हणून शीर किती मिलिमीटरची आहे हे सोनोग्राफीनं मोजल्याशिवाय कुणी "बायपासच" किंवा "अँजिओप्लास्टीच" म्हणत असेल, तर आधी शीर मोजायला सांगा. तीन मिलिमीटरहून बारीक शिरेवर आमचा भरवसा कमी.

आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, 26.4 टक्के. सत्तरी तालुक्यातल्या प्रत्येक वाड्यावर असा एखादा अंगठा आहे. वाळपईहून बांबोळी दूर वाटते, पण काळ्या पडलेल्या टोकाशेजारची लाली वाढत असेल तर ही आठवड्याची नव्हे, दिवसांची गोष्ट आहे.

काणकोण : माझा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला, बोलणं अडखळलं, मग सगळं ठीक. डॉपलरमध्ये मानेची डावी धमनी 80 टक्के बंद. ऑपरेशन सांगितलंय. चवथ पाच आठवड्यांवर आहे, घरचा गणपती माझ्याच हातचा. चवथीनंतर केलं तर चालेल का?

या पत्राचं उत्तर छापण्याची वाट न पाहता कळवलं आहे. इतरांसाठी इथं देतो.

चालणार नाही. हात आपोआप बरा झाला ही दिलाशाची गोष्ट वाटते, पण दुसरा, मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दिवसांतच सगळ्यांत जास्त असतो. 1991 च्या नॅसेट चाचणीत अशाच, 70 ते 99 टक्के अरुंद धमनीच्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात 26 टक्क्यांना झाला. ऑपरेशन केलेल्यांत 9 टक्क्यांना. या नऊमध्ये ऑपरेशननं झालेले झटकेही धरलेले आहेत. हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत करून घेतला तरच पुरता मिळतो, मग तो झपाट्यानं घटतो. पाच आठवड्यांनी तुम्ही ऑपरेशनचा धोका तेवढाच पत्कराल आणि मोबदला कमी घ्याल.

सर्जनला एक आकडा बिनधास्त विचारा : तुमच्या हातच्या ऑपरेशनांत पक्षाघात किंवा मृत्यू किती? झटका येऊन गेलेल्या रुग्णांत ते 6 टक्क्यांच्या आत असायला हवं. काहीच लक्षण नसताना केलं जात असेल तर 3 च्या आत.

तुमच्या पत्रात बाजू जुळते, हे बरं झालं. उजवा हात लुळा पडतो तो मेंदूच्या डाव्या भागामुळे, त्याला रक्त डाव्या धमनीचं. उजव्या हाताला झटका आणि अरुंद धमनीही उजवीच, असं असेल तर ती धमनी "बिनलक्षणाची" ठरते आणि सगळा हिशेब बदलतो. धमनी पूर्ण, शंभर टक्के बंद असेल तर हे ऑपरेशन करत नाहीत.

घरी परतल्यावर पहिला आठवडाभर रक्तदाब दोनदा मोजायचा. त्या बाजूला डोकं जोरात ठणकू लागलं आणि दाब चढलेला असला, तर मेंदूत एकदम जास्त रक्त जात आहे असं समजून लगेच इस्पितळ गाठायचं. आवाज बसणं, जीभ एका बाजूला वळणं हे शेजारच्या नसा ताणल्यानं होतं आणि बहुतेकदा काही आठवड्यांत सुधारतं. सगळं सरळ झालं तर चवथीला तुम्ही घरात असाल. माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायला वर चढणं आणि मूर्ती उचलणं यंदा मुलांवर सोपवा.

फोंडा : वडील देवी लईराईचे जुने धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त. मधुमेह 14 वर्षं, आठ महिन्यांमागे उजव्या पायाची अँजिओप्लास्टी. तळव्याला फारसं समजत नाही. वैशाखात शिरगावच्या जत्रेत होमखणातून, म्हणजे निखाऱ्यांवरून, जायचंच म्हणतात. नाही म्हणायची आमची हिंमत नाही.

त्यांच्या व्रताबद्दल पूर्ण आदर ठेवून आमचं मत स्पष्ट सांगतो : निखाऱ्यांवरून जाऊ नये. निरोगी पाऊल क्षणभराची धग सोसतं, कारण कातडीतलं रक्त उष्णता वाहून नेतं आणि चटका कळताच पाऊल उचललं जातं. वडिलांच्या पावलात या दोन्ही गोष्टी उण्या आहेत. अँजिओप्लास्टीनं जे रक्त मिळालंय ते शाबूत कातडी जगवायला पुरतं. भाजलेली जखम भरायला त्याच्या कितीतरी पट लागतं. इतरांना फोड येऊन आठवड्यात जातो, तिथं यांचं बोट जाऊ शकतं.

एक तपासणी त्यांच्या समोर करून घ्या. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. डोळे मिटून "कळलं" म्हणायचं असतं. कळत नाही हे स्वतःला उमगलं की बोलणं सोपं होतं. मुलांचा धाक घेण्यापेक्षा जुन्या धोंडांपैकी कुणी जाणता समजावून सांगेल तर ते ऐकतील.

बाकी व्रताचंही पाहा. उपवासाच्या दिवसांत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा डोस तसाच ठेवला तर साखर उतरते, डोस आधी बदलून घ्या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मात्र एक दिवसही चुकवायची नाही, स्टेंट असेल तर तो त्यावरच उघडा राहतो. आणि निखारे टाळले तरी मे महिन्यातलं तापलेलं डांबर आणि चिऱ्यांचं अंगण अनवाणी पायाला तसंच भाजतं. तळवे रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट.

म्हापसा : एका सर्जननी सांगितलं, 30 अशी ऑपरेशनं केली, एकही मृत्यू नाही. दुसऱ्या इस्पितळात मृत्यूचं प्रमाण 4 टक्के सांगतात. पहिलं बरं ना?

यावरून ठरवता येत नाही. 30 पैकी शून्य असेल तर खरा धोका कुठपर्यंत असू शकतो, यासाठी सोपं गणित आहे : 3 भागिले ऑपरेशनांची संख्या. 3 भागिले 30 म्हणजे 10 टक्के. त्या सर्जनचा खरा आकडा शून्य ते दहा यांत कुठंही असू शकतो, चारही त्यात आलं. 300 पैकी शून्य असते तर गोष्ट वेगळी.

दुसरं, कुणाचे रुग्ण किती अवघड? फुटलेले फुगे, डायलिसिसवरचे, ऐंशी उलटलेले जिथं जातात तिथले मृत्यू जास्तच दिसणार. म्हणून प्रत्यक्ष मृत्यू भागिले त्या रुग्णांच्या प्रकृतीवरून अपेक्षित मृत्यू, असा हिशेब करतात. 1 च्या खाली असेल तर काम अपेक्षेपेक्षा चांगलं. 4 टक्के मृत्यू असूनही हा भागाकार 0.7 येऊ शकतो. आपले मृत्यू मोजून सांगणाऱ्या इस्पितळावर आमचा विश्वास जास्त. त्यांना पुढचं विचारा : वर्षाला अशी किती करता, रात्री गुंतागुंत झाली तर कोण असतं, आयसीयूत खाट राखून ठेवता का.

पर्वरी : दीनदयाळ योजनेच्या कार्डावर हे सगळं बसतं का?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं छत्र आहे. तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसवलं आहे, आणि स्टेंट, स्टेंट-ग्राफ्ट किंवा कृत्रिम नळीची किंमत त्यात धरली आहे का, हे दाखल होण्याआधी लेखी घ्या. बिलात सर्वांत मोठी रक्कम बहुधा याच वस्तूंची असते. वर्षभरात त्याच कार्डावर आणखी काही झालंय का तेही पाहा.

वास्को : नवऱ्याच्या किडन्या हळूहळू जात आहेत. पुढं डायलिसिस लागेल म्हणतात. फिस्टुला आत्ताच का करायचा?

कारण तो पिकायला वेळ लागतो. मनगटाशी धमनी आणि शीर जोडतात, मग शीर जाड होते. वापरायला तयार झाल्याची खूण सहाच्या पाढ्यानं लक्षात ठेवतात : मिनिटाला 600 मिलिलिटर प्रवाह, 6 मिलिमीटर व्यास, कातडीखाली 6 मिलिमीटरहून खोल नाही, आणि हे सारं 6 आठवड्यांनी तपासायचं. बरेच फिस्टुला पहिल्या खेपेला पिकत नाहीत, दुसरा करावा लागतो. तेवढी मुदत हाताशी नसली की मानेत कॅथेटर घालावा लागतो आणि त्यातून रक्तात जंतू जातात.

आजपासून एक करा. फिस्टुला शक्यतो कमी वापरातल्या हातावर करतात, म्हणून ते उजव्या हातानं काम करणारे असतील तर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइनही नको. तपासणीचं रक्त उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून घ्यायला सांगा. लॅबमधला मुलगा घाईत डावा हात धरतोच, म्हणून डाव्या दंडावर पेनानं "सुई नको" लिहून न्या. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर लागते का पाहायचं. काल लागत होती आणि आज लागत नाही, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. गुठळी ताजी असेपर्यंतच ती निघण्याची आशा असते.